तीनशे नव्वद घनइंचांची भूक

पुतण्याने पिस्टन माझ्या हातात ठेवला आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. ॲल्युमिनियमच्या त्या गोळ्याची एक कड मेणबत्तीसारखी वितळून खाली ओघळली होती. वरची रिंग चिकटून बसली होती आणि वितळलेल्या जागी करंगळीचं टोक जाईल एवढं भोक पडलं होतं. आमच्या वडिलांच्या कराडच्या गॅरेजात असे दोन पिस्टन मी लहानपणी पाहिले होते. वडिलांनी ते दोन्ही खिडकीत मांडून ठेवले होते. ॲव्हरेज वाढवायला कारबोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी भोकं, बारीक करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते वाद न घालता त्या खिडकीकडे बोट दाखवत.

"काका, मला वाटायचं, पेट्रोल कमी म्हणजे आग कमी," पुतण्या म्हणाला.

असं वाटणारे पुष्कळ आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि जुनं इंजिन नव्याने बांधताना सगळे पैसे बोअर, क्रँक आणि बेअरिंगवर खर्च करून कारबोरेटर शेवटी हाताला लागेल ते बसवणाऱ्यांसाठीही आहे.

पुतण्या अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या पश्चिमेला राहतो. त्याच्याकडे 1974 सालचा फोर्ड एफ-250 आहे आणि त्याच्या मागे पाच हजार पौंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वादोन टनांचा ट्रेलर. आपल्याकडे गाडीमागे काही बांधून ओढायचं म्हटलं की पहिला शब्द आठवतो तो टोचन, आणि टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी. अमेरिकेत ओढणं हा पिकअप ट्रकचा रोजचा धंदा आहे. घोडे, होडी, गवताचे भारे, फिरतं घर, सगळं मागे जोडून लोक शेकडो मैल जातात. ट्रकच्या इंजिनाला तिथे वेगापेक्षा दम जास्त लागतो. दम म्हणजे कमी फेऱ्यांवर मिळणारी आणि तासभर न सुटणारी खेच.

आधीच्या मालकाने या ट्रकवर 750 सीएफएमचं मोठं कारबोरेटर बसवलेलं होतं. एक्सलरेटर दाबला की चारही घसे थेट उघडणाऱ्या जातीचं. त्या उन्हाळ्यात पुतण्या ट्रेलर घेऊन लेडव्हिलला राहिला होता. लेडव्हिल 10,152 फुटांवर आहे. तिथे इंजिन काळा धूर सोडू लागलं, म्हणून त्याने जेट बारीक केले आणि धूर गेला. जुलैत तोच ट्रेलर घेऊन तो पूर्वेला कॅन्सासच्या माळावर उतरला. समोरून वारा, ऊन भाजून काढणारं, दिवसभर अर्ध्याहून जास्त एक्सलरेटर. हेज हे गाव तीसेक मैलांवर असताना इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. रेडिओ लावलेला असल्यामुळे ते त्याच्या उशिरा लक्षात आलं.

तिथे नेमकं काय घडलं हे नीट सांगायला हवं, कारण कारबोरेटर निवडण्याचं सगळं शास्त्र त्यातच आहे. एक भाग पेट्रोल पुरतं जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. रिकामी गाडी सपाटीवर संथ चालली असेल तर 15 किंवा 16 भागांवरही कुरकुर करत नाही. पण भार ओढताना इंजिनाला साडेबारा-तेराच्या आसपासचं, पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण लागतं. जादाचं पेट्रोल पूर्ण जळत नाही, पण वाफ होताना उष्णता शोषून घेतं आणि पिस्टनचं डोकं थंड ठेवतं. ते काढून घेतलं की तापमान चढतं, मिश्रण ठिणगीची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप फुटतं आणि ठोके सुरू होतात. पिस्टनवर स्थिर वायूचा एक पातळ थर असतो, तो या ठोक्यांनी उडतो. मग ज्वाळा थेट ॲल्युमिनियमला भिडते.

भरीला आणखी एक गोष्ट होती. कोलोरॅडोत पंपावर साधं पेट्रोल 85 ऑक्टेनचं मिळतं. सपाटीच्या राज्यांत ते 87चं असतं. उंचावर हवा विरळ असते, सिलिंडरमधला दाब कमी राहतो, म्हणून 85वर निभतं. तेच पेट्रोल घेऊन दोन हजार फुटांवर उतरलं आणि मागे सव्वादोन टन बांधले की निभत नाही. पुतण्याच्या दोन्ही टाक्या डेन्व्हरला भरलेल्या होत्या.

इंजिन उतरवलं. ते 360 घनइंचांचं निघालं. फोर्डच्या एफई घराण्यातलं हे इंजिन आणि त्याचं मोठं भावंड 390 बाहेरून ओळखू येत नाहीत. दोघांचा बोअर 4.05 इंच. स्ट्रोक मात्र 360चा साडेतीन इंच आणि 390चा 3.78. 390चा क्रँक, त्याचे कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन घातले की त्याच ब्लॉकचं 390 होतं. ओढकामाला लांब स्ट्रोक केव्हाही बरा, म्हणून ते केलं. कॉम्प्रेशन साडेआठाच्या आसपास ठेवलं. कॅम मूळ ट्रकच्या जातीचाच, लवकर मिटणारा घेतला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक पोलादी सीट बसवल्या, कारण हे इंजिन शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं आहे. तेव्हा शिसं सीटवर थर धरून तिला जपत असे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल 1996 पासून पूर्ण बंद आहे, आणि चढावर तापलेला व्हॉल्व्ह मऊ सीटला हळूहळू खात जातो. ओढणाऱ्या ट्रकमध्ये हा खर्च टाळू नये.

मग कारबोरेटरचा प्रश्न आला आणि घरात मतं फुटली. पुतण्याच्या मित्रांचं म्हणणं, इंजिन मोठं झालं तर 750 हवंच. मी त्याला कागद-पेन्सिल आणायला सांगितलं.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते ते माप. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या पोटाएवढी हवा आत घेतं. 390 घनइंचांचं इंजिन मिनिटाला 3,000 फेरे फिरत असेल तर 1,500 वेळा 390, म्हणजे 5 लाख 85 हजार घनइंच. एका घनफुटात 1,728 घनइंच असतात, म्हणून 338 घनफूट. पण कुठलंही जुनं इंजिन पोटभर हवा घेत नाही, 80 टक्के घेतलं तरी खूप. उरले 270. 4,000 फेऱ्यांना हेच 360 होतात. 4,500 फेऱ्यांना उदार होऊन 85 टक्के धरले तरी 432.

आता हा ट्रक काम कुठे करतो? त्याच्या मागच्या आसाचं गुणोत्तर 4.10 आहे. ताशी 55 मैलांना इंजिन 2,450च्या आसपास फिरतं. चढावर दुसऱ्या गिअरला 45 मैलांनी चाललं तर 2,900. वर्षातून चार वेळा कधी 4,000 होत असतील. म्हणजे आयुष्यातला बहुतेक वेळ हे इंजिन पावणेतीनशे घनफुटांच्या आत जेवणार, आणि त्याच्यापुढे 750चं ताट. "इंजिनाला भूक किती ते बघ, ताट मोठं घेऊन जेवण वाढत नाही," असं आमचे वडील म्हणत. ते जीपच्या 134 घनइंची इंजिनाबद्दल बोलत होते, पण हिशेब हाच.

ताट मोठं असलं तर बिघडलं कुठे, असं विचारता येईल. बिघडतं ते वेगामुळे. कारबोरेटरचा घसा मध्ये अरुंद असतो. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता वेंचुरी यांनी 1797 साली द्रवांवरच्या प्रयोगांत हे मांडलं, म्हणून त्या अरुंद जागेला वेंचुरी म्हणतात. उतरलेला दाब पेट्रोल वर ओढतो. कारबोरेटरला दुसरी कुठली अक्कल नाही, हवेचा वेग हेच त्याला मिळणारं एकमेव खबर. घसा मोठा आणि फेरे कमी असले की हवा रेंगाळते, ओढ दुबळी पडते, पेट्रोल धुक्यासारखं न उडता थेंबांनी पडतं आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे कारबोरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या मार्गाच्या, तळाशी साचतं. काही सिलिंडरांना जास्त जातं, काहींना कमी. चढावर एक्सलरेटर दाबला की गाडी आधी ठसकते, मग उचलते. भार ओढणाऱ्याला हे ठसकणं फार महागात पडतं.

मग पर्याय काय होते? पहिला म्हणजे ट्रकचं मूळ टू-बॅरल. त्याच्याबद्दल लोक नाक मुरडतात ते मला पटत नाही. 360च्या कितीएक ट्रकांनी मोटरक्राफ्टच्या टू-बॅरलवर आयुष्य काढलं. घसे दोनच असल्याने हवा वेगाने जाते, खालच्या फेऱ्यांना प्रतिसाद चोख मिळतो आणि बिघडायला फारसं काही नसतं. एक पाटी मात्र नीट वाचावी लागते. टू-बॅरलचं सीएफएम पाऱ्याच्या 3 इंच दाबफरकावर मोजतात आणि फोर-बॅरलचं दीड इंचावर. त्यामुळे 350चं टू-बॅरल फोर-बॅरलच्या मापात 250च्या आत येतं. पुतण्या सपाटीवर राहत असता आणि 3,000 फेऱ्यांच्या वर जात नसता, तर मी त्याला आहे तेच स्वच्छ करून बसवायला सांगितलं असतं. पण त्याचा रस्ता घाटाचा आहे आणि घाटात शेवटच्या टप्प्याला टू-बॅरल गळा आवळतं.

दुसरा पर्याय बोलण्यापुरताच होता, पण त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत 1965 पासून आलेलं रॉचेस्टरचं क्वाड्राजेट. पुढचे दोन घसे लहान, मागचे दोन भलेमोठे. हलक्या पायाने चालवलं तर ते छोट्या टू-बॅरलसारखं वागतं, पूर्ण दाबलं तर मागचे घसे हवेच्या मागणीप्रमाणे उघडतात. ओढणाऱ्या ट्रकसाठी याहून शहाणी रचना मला माहीत नाही. पण 390च्या मूळ मॅनिफोल्डवर ते बसत नाही. ज्याच्याकडे शेव्हरलेट किंवा जीएमसीचा ट्रक आहे आणि ज्याच्या इंजिनावर मूळ क्वाड्राजेट शाबूत आहे, त्याने ते काढून फेकू नये एवढंच सांगतो.

उरलं 600च्या आसपासचं फोर-बॅरल. त्यात दोन घराणी आहेत. हॉलीमध्ये जेट ठरलेला असतो आणि भाराच्या वेळचं जादा पेट्रोल पॉवर व्हॉल्व्ह देतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम ठरावीक आकड्याच्या खाली आला की तो उघडतो. व्हॉल्व्हवर 6.5 लिहिलं असेल तर साडेसहा इंचांना. ओढकामात इथे एक फट राहते. लांब मंद चढावर अर्ध्या एक्सलरेटरला व्हॅक्यूम सात-आठ इंचांवर रेंगाळतो. व्हॉल्व्ह बंदच असतो, आणि इंजिन मात्र भाराखाली सपाटीचं पातळ मिश्रण खात राहतं. म्हणून ओढणाऱ्या ट्रकला 8.5चा, लवकर उघडणारा व्हॉल्व्ह घालण्याचा विचार करावा. पण उंचीवर व्हॅक्यूमच कमी होतो, दर हजार फुटांना साधारण एक इंच. खाली जो आकडा बरोबर तो वर गेल्यावर अवेळी उघडा राहील.

दुसरं घराणं कार्टरच्या 1957च्या ॲल्युमिनियम फोर-बॅरलचं, जे आज एडलब्रॉकच्या नावाने मिळतं. यात जेटमध्ये एक निमुळती काडी वरखाली होते, तिला मीटरिंग रॉड म्हणतात. व्हॅक्यूम भरपूर असला की काडीचा जाड भाग जेटमध्ये बसतो. भार आला, व्हॅक्यूम उतरला की स्प्रिंग काडी वर उचलते, बारीक भाग जेटमध्ये येतो आणि वाट रुंदावते. काडी कधी उचलली जावी हे स्प्रिंगच्या ताकदीवर ठरतं, आणि स्प्रिंगा रंगावरून ओळखता येतात. या काड्या बदलायला कारबोरेटर उघडावं लागत नाही, पेट्रोल सांडत नाही. वरचे दोन स्क्रू सैल केले की काडी हातात.

दोन्ही घराणी चांगली आहेत. आम्ही दुसरं घेतलं ते याच शेवटच्या कारणासाठी. पुतण्याच्या ट्रकला भाराहून उंची जास्त त्रास देते.

आपल्या सह्याद्रीत हा त्रास जाणवत नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटणला आलात तर इंजिनाला भार कळतो, उंची कळत नाही. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आणि कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. डेन्व्हर शहरच 1,609 मीटरवर वसलंय, म्हणजे तिथला माणूस कळसूबाईच्या माथ्यावरून सकाळी कामाला निघतो. तिथून पश्चिमेला आय-70 महामार्ग चढत आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत जातो. तो 11,158 फुटांवर, 3,401 मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी बोगदा वरच राहील. शेवटची चढण सहा-सात टक्क्यांची. दर हजार फुटांना इंजिनाची सुमारे तीन टक्के ताकद जाते, म्हणजे बोगद्याशी पोचेपर्यंत एक तृतीयांश गेलेली असते.

आणि मिश्रणही बिघडतं. इंजिन उंचावरही तेवढेच घनफूट हवा घेतं, पण त्या घनफुटात वजन कमी असतं. पेट्रोल मात्र त्याच प्रमाणात घटत नाही, निम्म्याच प्रमाणात घटतं. म्हणून वर जाताना मिश्रण घट्ट होत जातं, धूर येतो. उतरताना उलट होतं. धूर दिसतो, म्हणून माणूस वर जेट बारीक करतो. पातळ झालेलं मिश्रण दिसत नाही, म्हणून खाली आल्यावर तो ते परत मोठे करत नाही. पुतण्याचा पिस्टन या विसरण्याने गेला. वडिलांच्या खिडकीतले दोन्ही ॲव्हरेजच्या हावेने गेले होते. पातळ मिश्रण तिन्हींत तेच.

फ्युएल इंजेक्शन का नाही, असं मला अनेकांनी विचारलं. फोर-बॅरलच्याच जागी बसणाऱ्या, ऑक्सिजन सेन्सरकडून शिकत जाणाऱ्या प्रणाली बाजारात आहेत आणि उंची त्या आपल्या आपण सांभाळतात. ज्याला बॉनेट उघडायचंच नाही त्याने बिनदिक्कत तीच घ्यावी. पण त्यासोबत जास्त दाबाचा पंप, टाकीपर्यंत परतीची नळी आणि निर्दोष वायरिंग लागतं. पुतण्याला पन्नास मैलांत गाव नसलेल्या रस्त्यावर स्क्रूड्रायव्हरने सुधारता येईल असं यंत्र हवं होतं. ती मागणी मला रास्त वाटते.

मॅनिफोल्ड ड्युअल-प्लेन घेतला. त्यात आतले मार्ग दोन मजल्यांत विभागलेले असतात, चार-चार सिलिंडरांचे दोन गट आळीपाळीने श्वास घेतात आणि कमी फेऱ्यांना हवेचा वेग टिकतो. एफई इंजिनावर मॅनिफोल्ड बदलणं म्हणजे खरं काम. त्याची कड व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली शिरलेली असते आणि पुशरॉड त्याच्या पोटातून जातात. रॉकर शाफ्ट उतरवल्याशिवाय तो निघत नाही. मूळ बिडाचा मॅनिफोल्ड 80 पौंडांच्या घरात, दोघांनी उचलायचा. तेव्हा इंजिन स्टँडवर आहे तोवरच हा निर्णय करून टाकावा. कारबोरेटरच्या खाली फिनोलिक रेझिनचा जाड स्पेसर घातला, कारण ॲल्युमिनियमचं अंग लवकर तापतं आणि आजचं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल चढानंतर थांबलेल्या गाडीत लवकर उकळतं. रबरी नळ्या सगळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. पंपाचा दाब साडेपाच पौंडांवर ठेवला, त्याहून जास्त झाला तर फ्लोटची नीडल उचलली जाऊन पेट्रोल वाहतं.

सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर वेल्ड करून बसवला आणि डॅशबोर्डवर हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा आकडा आणला. वडील प्लगचा रंग बघून सांगत. शिसं गेल्यापासून प्लग तेवढं स्पष्ट बोलत नाहीत. हजारो डॉलरचं इंजिन बांधणाऱ्याने हा सेन्सर घेतलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

सप्टेंबरात ट्रेलर बांधून आम्ही बोगद्याकडे निघालो. डेन्व्हरच्या बाहेर पहिल्या चढाला आकडा 12.7 दाखवत होता. जॉर्जटाउनला, साडेआठ हजार फुटांवर, तो 11.8वर आला आणि इंजिन जड वाटू लागलं. रस्त्याकडेला थांबलो. पुतण्याने एअर क्लीनर काढला, स्क्रू सैल केले, एक पायरी जाड काड्या घातल्या. सात मिनिटं लागली. पुढच्या चढणीला दुसऱ्या गिअरला ताशी 40 मैलांनी, 2,600 फेऱ्यांवर, ट्रक एकदाही न ठसकता चढला. बोगद्याच्या तोंडाशी आकडा 12.4 होता.

"आजोबा असते तर काय म्हणाले असते, काका?"

"उतरताना काड्या बदल म्हणाले असते."

परतीला त्याच जागी थांबून त्याने मूळच्या काड्या परत घातल्या. घरी आल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने मराठीत लिहिलं: 'पूर्वेला उतरण्याआधी काड्या बघ'. या जुलैत तो त्याच रस्त्याने, तोच ट्रेलर घेऊन कॅन्सासला जाऊन आला. निघण्याआधी त्याने खालच्या उंचीच्या काड्या घातल्या, टाक्यांत 87चं पेट्रोल भरलं आणि माळावर रेडिओ बंद ठेवला. हेजच्या पुढे, समोरच्या वाऱ्यात, आकडा 12.9 होता.